चारबागच्या हातगाडीवरचा हिशेब

मुंबईची पुष्पक एक्सप्रेस लखनऊ जंक्शनला थांबते. शेजारीच चारबागचं घुमट-मिनारांचं स्टेशन, १९१४मध्ये पायाभरणी झालेलं. बाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला चहाच्या हातगाड्या. त्यातल्या एकीपाशी मी पहाटेपासून उभा राहिलो.

भवानी व्हायच्या आधीच चहावाल्यानं मोबाइलवर गाड्यांच्या वेळा पाहून घेतल्या. थंडीत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यानं तासन्‌तास रखडतात आणि उरलेला चहा म्हणजे सरळ तोटा. म्हणून तो थोडंच आधण ठेवतो. लोंढा बाहेर पडताना दिसला की दुसरं पातेलं चढवतो. एक हात कुल्हड भरत असतो, दुसरा सुटे पैसे मोजतो. क्यूआर कोडवर पैसे जमा झाल्याचा आवाज आला की नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

मागणीचा इतका बारीक अंदाज बांधणाऱ्या या माणसाच्या गाडीवर माल मात्र बेताचा: बन, मस्का, बिस्किटांच्या बरण्या. मोठी भट्टी नाही, बसायला बाक नाही. अतिक्रमण हटवणारी गाडी आली तर सगळं झटपट ढकलून नेता आलं पाहिजे, हे त्याचं कारण. उद्या जप्त होईल अशा वस्तूत पैसा कोण घालील?

लहान धंदेवाल्याला दूरचं दिसत नाही, असं आपण सहज म्हणतो. त्याला दूरचं दिसतं. तिथवर जागा टिकेल याची खात्री नसते. जोखीम तर तो रोज पहाटे दूध घेतानाच पत्करतो.

ही खात्री देण्यासाठीच २०१४चा पथविक्रेता कायदा झाला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला उठवू नका, असं तो सांगतो. टाळेबंदीनंतर, जून २०२०मध्ये पीएम स्वनिधी योजना आली: २०२५पर्यंत तिच्यात सुरुवातीला विनातारण १० हजारांचं कर्ज, ते फेडलं की २० हजार, मग ५० हजार मिळत असत; शिवाय वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत. हा रस्ता योग्यच आहे. पण कर्जानं घेतलेली भट्टी ठेवायला हक्काची जागा नसेल, तर वाढीव कर्ज म्हणजे वाढीव धास्ती.

लखनऊ असो की आपलं नाशिक-सोलापूर, उद्योजकतेची शिबिरं भरवण्याआधी पालिकांनी या लोकांच्या हाती जागेचं प्रमाणपत्र द्यावं आणि त्याचा मान राखावा. धंदा वाढवण्याची अक्कल त्यांच्यापाशी आधीपासूनच आहे.