आईबापांच्या माघारी

कोहिनूर हे बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातलं गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि सोयरीक पार उमरगा-निलंग्यापर्यंत, असा हा सीमेवरचा मुलूख. इथेच काय, कुठल्याही गावात बौद्धिक दिव्यांग लेकराच्या आईबापांशी बोलायला बसलं की एक काळजी हमखास निघते: "आमच्या माघारी याचं कसं?" उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, ते कुणी बोलून दाखवत नाही. थोरला भाऊ बघेल, नाहीतर बहीण बघेल.

आश्चर्य वाटेल, पण हा प्रश्न फार जुना नाही. १९२९ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेलं मूल सरासरी नऊ वर्षं जगत असे. १९८३ पर्यंत हा आकडा पंचवीसवर आला आणि आज प्रगत देशांत तो साठीच्या घरात आहे. प्रतिजैविकं आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या, आणि ज्या लेकराला आईबापांनी पोहोचवायचं तेच आता त्यांच्या मागे वीस-वीस वर्षं राहू लागलं. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमतेच्या पंधरा लाखांहून जास्त व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांचा सांभाळ पुढे भावंडांकडेच येणार आहे.

वय वाढतं तसा भारही बदलतो. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. ज्या प्रथिनापासून मेंदूत अमायलॉइड साठतं, त्याचं जनुक नेमकं याच गुणसूत्रावर आहे. म्हणून चाळिशीपर्यंत या व्यक्तींच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल दिसू लागतात. आईने वर्षभर खपून शिकवलेलं शर्टाचं बटण लावणं भाऊ विसरायला लागतो, आणि शिकवणारी आई तोवर राहिलेली नसते.

शरीरावर उमटणारा ताण

सांभाळण्याचा ताण फक्त मनात राहत नाही. १९९५ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. तशीच जखम असा भार नसलेल्या तेरा जणींनाही केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. २००४ साली एलिसा एपेल आणि पुढे नोबेल मिळालेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी दीर्घ आजारी मुलांच्या आयांच्या पेशी तपासल्या. गुणसूत्रांच्या टोकाशी असलेली टोपणं, म्हणजे टेलोमिअर, सांभाळाची वर्षं जितकी जास्त तितकी आखूड झालेली होती. हे दोन्ही अभ्यास भावंडांवरचे नाहीत, पण रोजची सेवा शरीराला काय करते ते त्यांतून कळतं.

भावंडांचं दुखणं आणखी वेगळं आहे. चाळीस वर्षांच्या दिराला वहिनीने आंघोळ घालायची नाही, अशी घरची रीत. म्हणून भावाला रानात निघण्याआधी त्याची आंघोळ-दाढी उरकावी लागते. बहीण दिव्यांग असेल तर तिच्या पाळीचे दिवस भावाने कसे निभवायचे? फिटची गोळी चुकली की रात्र जागून काढायची. पुण्या-हैदराबादला गेलेला धाकटा पैसे पाठवतो. पण फिट आली, ताप चढला, की धावपळ गावात राहिलेल्याचीच.

त्यात लग्नाची भीती. घरात असं माणूस आहे म्हणून स्थळं परत जातात. वास्तविक डाऊन सिंड्रोमची सुमारे ९५ टक्के प्रकरणं आनुवंशिक नसतात. उलट फ्रॅजाइल एक्स हा विकार घराण्यातून उतरतो, आणि मामा-भाची किंवा आते-मामेभावंडांच्या लग्नांत काही विकारांचा धोका वाढतो. त्यामुळे दिव्यांग भावाची गुणसूत्र-तपासणी आणि जनुकीय सल्ला हा भावंडांच्या लग्नाआधीचा सर्वांत उपयोगी खर्च.

एका बहिणीची गोष्ट

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ साली वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली, ती फसली, आणि घराने तिचं नाव घेणंच टाळलं. धाकटी बहीण युनिस हिने १९६२ साली एका साप्ताहिकात लेख लिहून हे मौन मोडलं आणि त्याच वर्षी आपल्या शेतावर दिव्यांग मुलांसाठी शिबिर भरवलं. १९६८ साली शिकागोत पहिले स्पेशल ऑलिंपिक झाले, ते तिच्याच पुढाकाराने.

आपल्याकडे अशा कामाचा पाया आईबापांनी आणि शिक्षकांनी घातला. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या लेकीसाठी सुरू केली. पुण्याची कामायनी १९६४ साली सिंधूताई जोग यांनी उभारली, तर डोंबिवलीजवळचं 'घरकुल' पालकांच्या संघटनेने. बिदरकरांना बौद्धिक दिव्यांगांसाठीची जवळची राष्ट्रीय संस्था म्हणजे १९८४ पासून चालणारी सिकंदराबादची.

कागद आधी करावेत

बौद्धिक दिव्यांग व्यक्ती अठरा वर्षांची झाली की कायद्याने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि हा अर्ज नातेवाइकालाही करता येतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. भावाच्या वाटणीची जमीन कुणी गिळू नये म्हणून ही तजवीज. न्यासाच्याच 'निरामय' योजनेत वैद्यकीय तपासणीविना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी ओळखपत्र देशभर चालतं; म्हणून भाऊ कोहिनूरला आणि सांभाळणारी बहीण उमरग्याला असली तरी ते सीमेवर अडत नाही. राज्याचं निवृत्तिवेतन मात्र रहिवासावर ठरतं, हे घर बदलण्याआधी पाहावं. केंद्र सरकारी नोकराच्या अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडालाही नियमांनुसार कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

परदेशातले अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात की भावंडं नातं तोडत नाहीत, पण पुढची आखणी करणारी घरं थोडीच असतात. म्हणून आईबाप हिंडते-फिरते असतानाच सगळ्या भावंडांनी एकत्र बसावं. गोळ्यांचा तक्ता कुणाकडे, बँकेचं खातं कुणाच्या सहीने, दिवाळीचे पंधरा दिवस आणि सुगीचे दिवस कुणाकडे, गावात राहणाऱ्याला सुट्टी कधी, हे कागदावर लिहावं. बोलता येत असेल तर त्या भावालाही विचारावं, तुला कुणाकडे राहायचंय? आणि जो सांभाळणार आहे त्याला "तुला जमेल का" असं एकदा तरी विचारावं. "नाही" म्हणण्याची मुभा असली की "हो" म्हणणाऱ्यालाही तो भार लादलेला वाटत नाही.