जुन्या रुपयाची झीज आणि सफाई

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नेरळसारख्या गांवांतील जुन्या घरांतून देव्हाऱ्यांतली डबी उघडते, आणि तींतील राणीछाप रुपया चिंच लावून, राखेनें घासून, लखलखीत होऊन पूजेस बसतो. पूजेच्या दृष्टीनें यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु तोच रुपया पुढें अडीअडचणीस विकावयास काढला, म्हणजे घरच्या मंडळींस कोडें पडतें. सराफ चांदी तोलून भाव सांगतो. नाणीं जमविणारा मात्र भिंगांतून पाहतो आणि मान हलवितो. त्याच सालचा, काळवंडलेला, कोणीं न घासलेला दुसरा रुपया तो आनंदानें अधिक पैसे देऊन घेतो!

‘नांवाला बट्टा लागणें’ असें मराठींत सहज म्हटलें जातें. पण बट्टा हा मूळचा सराफकट्ट्यावरचा शब्द. नाणें ठरल्या मोलापेक्षां जितकें कमी धरावयाचें, ती तूट म्हणजे बट्टा. अठराव्या शतकांत बंगाल्यांत चालू सालचा सिक्का रुपया पुऱ्या मोलाचा. एक साल उलटलें कीं शेंकडा ३, आणि दुसरें उलटलें कीं शेंकडा ५ बट्टा, मग तो रुपया प्रत्यक्ष झिजलेला असो वा नसो. हा जाच टाळण्यासाठीं कंपनी सरकारनें अखेर शाह आलम बादशहाचें १९ वें राज्यवर्षच सर्व रुपयांवर कायमचें छापावयास आरंभ केला. इकडे पेशवाईंतही अंकुशी, चांदवडी असे निरनिराळे रुपये एकाच बाजारांत फिरत, आणि सराफ खात्रीसाठीं त्यांवर आपापली बारीक खूण ठोकीत. त्या खुणा आज इतिहास म्हणून मौजेच्या वाटतात. किंमत मात्र त्या सहसा उतरवितातच.

१८३५ सालीं कंपनीनें आपल्या मुलखासाठीं एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबें. हें प्रमाण १९४० पर्यंत टिकलें. त्या सालीं चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ मध्यें रुपया निकेलचा झाला. १९०६ च्या नाण्यांच्या कायद्यानें रुपयाची शेंकडा २ पर्यंतची झीज माफ केली होती. हा हिशेब ३.६ ग्रेनांचा, म्हणजे जवळजवळ दोन गुंजांचा. सराफाच्या तराजूंत एवढ्यानें फारसें बिघडत नाहीं.

पण या दोन गुंजा गेल्या कोठून? झीज साऱ्या नाण्यावर सारखी होत नाहीं. जें उंच, तें आधीं झिजतें : राणीच्या केसांच्या बटा, मुकुटाची नक्षी, गाल, आणि मग अक्षरें. नाण्याची ओळखही पुष्कळदां अशाच बारीक ठिकाणीं असते. १८६२ साल घातलेले रुपये पुढें कित्येक वर्षें त्याच सालानें पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीनें वर्ष कळावें म्हणून त्यांवर सूक्ष्म ठिपके घातले. ते ठिपके झिजले कीं रुपया नक्की कोणत्या वर्षाचा, हें सांगणें कठीण होतें. तसाच १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बहुतेक रुपये परत वितळविले गेले, आणि पुढच्या वर्षीं हत्तीचें चित्र सुधारलें. आतां त्या रुपयाची सारी गंमत एका इवल्याशा सोंडेंत आहे. तीच पुसली गेली तर संग्राहकास काय उरलें?

झीज तरी प्रामाणिक असते. रुपया हजारों हातांतून गेला, एवढेंच ती सांगते. घासण्याची गोष्ट निराळी. काळेपणा म्हणजे मळ, ही समजूतच मुळांत चुकीची आहे. हवेंतील गंधकयुक्त वायूचा चांदीशीं संयोग होऊन तो काळा थर बनतो, आणि दमट हवेंत तो लवकर चढतो. नेरळचा पावसाळा मुसळधार. शिवाय १९०७ मध्यें माथेरानची छोटी गाडी सुरू झाल्यावर कोळशाच्या इंजिनांचा धूरही या गांवानें कित्येक दशकें पाहिला. अशा ठिकाणीं चांदी काळवंडली नाहीं तरच नवल. परंतु या थरांतील चांदी बाहेरून आलेली नसते, ती रुपयाचीच असते. थर खरवडला कीं तितकी चांदी गेली. दुसऱ्या वर्षीं नवा थर, पुन्हां घासणें, पुन्हां चांदी कमी. अशा पन्नास दिवाळ्या झाल्यावर राणीचें नाक बसकें दिसूं लागलें, तर दोष काळाचा नव्हे.

राखेंत व दांतवणांत कठीण कण असतात. ते एका दिशेनें बारीक ओरखडे पाडतात. चिंच व लिंबू यांचें आम्ल पृष्ठभागावरील तांबें खातें. नव्या रुपयावर ठशाच्या दाबानें उमटलेल्या सूक्ष्म रेषांमुळें, तो फिरवितांच उजेडाची झळाळी चक्रासारखी फिरते. घासलेल्या रुपयाची चकाकी मात्र पातेल्यासारखी जागच्या जागीं उभी राहते. जाणता माणूस हा भेद क्षणांत ओळखतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर नाणें ठेवून सोड्याचें कढत पाणी ओतणें, ही युक्ति त्यांतल्या त्यांत सौम्य. तींत गंधक निघून जातें व चांदी नाण्यावरच उरते. तरीही ती मूळच्या ठशाची चांदी नव्हे, आणि रंग निस्तेज येतो. अमेरिकेंत शेल्डन यांनीं १९४९ मध्यें मांडलेल्या १ ते ७० गुणांच्या पद्धतीनें आज जगभर नाण्यांची प्रत ठरते. पण घासलेल्या नाण्यास मोठ्या प्रतवारी संस्था सहसा गुण न देतां ‘साफ केलेलें’ असा शेरा मारूनच परत करतात. कडी डाकून माळेंत ओंवलेल्या रुपयाची गत तर याहूनही वाईट.

माती लागलीच असेल तर शुद्ध पाण्यांत भिजवून, न घासतां, मऊ फडक्यानें टिपून घ्यावी. रबर, लोकर व स्वस्त प्लास्टिकच्या पिशव्या यांपासून नाणें दूर ठेवावें, आणि हातांत घ्यावयाचें तें कडेनें. पूजेसाठीं १९१७-१८ चा पंचम जॉर्जचा एखादा झिजका रुपया वेगळा काढावा. ते कोट्यवधींनीं पाडलेले आहेत, त्यास चिंच खुशाल लावावी. राणीछाप मात्र डबींत काळाच असूं द्यावा.