डोंगरातली सपाट जागा

बडोद्यात चढ म्हणजे उड्डाणपूल. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार इथल्या गर्दीत ज्याचा हात गाडीवर बसला, त्याला क्लच कळतो, ब्रेक कळतो, स्कूटर आणि गायींच्या मधून वाट काढता येते. पण गाडी स्वतःच्याच वजनाने खाली ओढली जाऊ लागते तेव्हा काय करायचं, हे शिकायची वेळच या शहरात येत नाही. माझ्यावर ती चाळिशी उलटल्यावर आली, अक्कलकुवा ते मोलगी रस्त्यावरच्या देवगोई घाटात.

धाकटा भाऊ धडगावला शाळेत शिकवतो. वर्षातून एकदा, बहुधा एप्रिलच्या शेवटी, मी त्याच्याकडे जाते. बडोद्याहून पहाटे पाचला निघायचं, डभोईवरून पोइचाच्या पुलावर नर्मदा ओलांडायची आणि राजपीपला, देडियापाडा, सागबारा करत अक्कलकुव्याला पोचायचं. डभोईला आलं की दर वेळी गायकवाडांच्या छोट्या रेल्वेची आठवण होते. डभोई ते मियागाम हा रूळ 1862 मध्ये पडला आणि सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढत असत. इतक्या लवकर रेल्वे आलेल्या या मुलखातून आपण निघतो आणि दुपारपर्यंत अशा डोंगरात पोचतो, जिथे रेल्वे अजूनही नाही.

राजपीपला सोडलं आणि मोवी मागे पडलं की सागाचं जंगल लागतं. एप्रिलमध्ये त्याची पानं गळून गेलेली असतात, त्यामुळे वळणापलीकडची गाडी झाडांमधून आधीच दिसते. पावसाळ्यात हीच वळणं आंधळी होतात. सागबाऱ्याच्या पुढे दुकानांवरच्या पाट्या गुजरातीतून मराठीत येतात. माणसं मात्र बदलत नाहीत. अलीकडे आडनाव वसावा, पलीकडे वसावे, आणि दोन्हीकडे बोली एकच. सागबारा तालुक्यातल्या देवमोगरा मातेच्या यात्रेला महाशिवरात्रीच्या सुमारास दोन्ही राज्यांतून माणसं येतात. सीमा नकाशावर आहे आणि पाट्यांवर आहे, एवढंच म्हणता येईल.

अक्कलकुव्याला मी नेहमी थांबते. टाकी भरते, चाकांतली हवा बघते, चहा घेते. घाट त्यानंतर सुरू होतो.

पहिल्या वर्षी चढताना काही अडचण आली नाही. चढावर गाडी आपलं बोलणं स्पष्ट बोलते. दम लागला की इंजिनाचा आवाज घोगरा होतो, मग गिअर खाली घ्यायचा. चूक झाली ती परतीच्या उतारावर. मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरत होते. पाच-सहा वळणांनंतर जळका वास आला. आधी वाटलं, कुणी शेतात पाचोळा पेटवला असेल. पुढच्या वळणावर ब्रेकचं पॅडल नेहमीपेक्षा जास्त खोल गेलं आणि गाडी हवी तिथे थांबली नाही, चार हात पुढे जाऊन थांबली. हँडब्रेक ओढला आणि तशीच बसून राहिले. हात थरथरत होते.

मागून प्रवाशांनी भरलेली जीप आली. चालक खाली उतरला. आधी त्याने माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांपुढे दगड लावले आणि मगच माझ्याशी बोलला. जीपमधली दहा-बारा माणसं घाई न करता खाली उतरून सावलीत उभी राहिली.

"ताई, कितव्या गिअरवर होती?"

"तिसऱ्या."

"चढताना इथे कितव्यावर होती?"

"पहिल्या-दुसऱ्या."

"मग उतरताना पण तेवढ्यावरच."

बडोद्याच्या ड्रायव्हिंग स्कूलने जे शिकवलं नव्हतं ते या तीन वाक्यांत आलं. ब्रेक गाडी थांबवतो तो तिच्या वेगाची उष्णता करून. सपाटीवर ती उष्णता दोन थांब्यांच्या मधे निघून जाते. घाटात पाय सतत ब्रेकवर असेल तर तिला निघून जायला वेळच मिळत नाही. पॅड इतके तापतात की त्यांची पकड सुटते. ब्रेकचं तेल उकळायला लागलं तर नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल मऊ लागतं. खालच्या गिअरमध्ये मात्र चाकांनाच इंजिन फिरवावं लागतं, त्यामुळे इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. ब्रेक मग फक्त वळणाआधी, थोडाच वेळ आणि ठामपणे दाबायचा. गाडी न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणारा माणूस या घाटात फार दिवस गाडी चालवत नाही.

त्याने अर्धा तास थांबायला सांगितलं आणि चाकांवर पाणी ओतू दिलं नाही. तापलेली डिस्क पाण्याने वाकडी होते. अर्ध्या तासाने त्याची जीप पुढे आणि मी मागे, अशी आम्ही खाली उतरलो. तो मुद्दाम हळू चालला. मी त्याचे ब्रेकचे दिवे मोजत होते. माझे जिथे दहा वेळा लागले असते, तिथे त्याचे दोनदा लागले.

त्यानंतर मी या चालकांकडे लक्ष देऊन बघू लागले. टपावर पोती, बकऱ्या, कधी खाट, आत माणसं दाटीने बसलेली. एवढं वजन घेऊन दिवसातून चार-सहा वेळा हा घाट चढायचा आणि उतरायचा. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरणं धोक्याचं आहे आणि त्याची किंमत या रस्त्याने मोजलेली आहे. पण शेवटची जीप गेली की रात्र तिथेच काढावी लागते, हेही खरं आहे. एसटीच्या फेऱ्या वाढल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन गाड्या समोरासमोर आल्या की नियम असा, की रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमावलीत हे लिहिलेलं आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवताना आधी थोडी मागे घसरते, आणि मागे दरी असू शकते. उतरणाऱ्याला थांबणं त्या मानाने सोपं. पण देवगोईत मी पाहिलं ते याहून बारीक आहे. ज्याच्याजवळ रुंद जागा असेल तो आधीच थांबतो. समोरची जीप वरच्या वळणावर दिसली की खालचा चालक साइडपट्टीवर गाडी घेतो, काचेबाहेर तळहात दाखवतो आणि वाट बघतो. जाणारा हॉर्न देत नाही, हात वर करतो. नवखा माणूस तेवढ्यात पुढे घुसतो. मग दोघांपैकी एकाला आरशात बघत, कठडा नसलेल्या कडेने, वाकड्या वळणात मागे जावं लागतं.

हॉर्न असतो तो वळणाआधी. एक लांब, मग पाय ढिला सोडून ऐकायचं. ऐकायचं म्हणजे काच खाली हवी, गाणी बंद हवीत. पलीकडून उत्तर आलं तर थांबायचं. नाही आलं तरी आपल्याच बाजूने वळायचं, कारण बैलगाडी, शेळी आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई हॉर्न देत नाही.

घाट संपला की मोलगीचा भाग लागतो. इथली गावं आपल्या ओळखीच्या गावांसारखी एका जागी नाहीत. एक घर या टेकडीवर, दुसरं समोरच्या, मधे ओढा. असे पाडे मिळून एक गाव होतं. कुडाच्या भिंती, कौलं, अंगणाला काट्यांचं कुंपण. अंगण उतरतं, शेत उतरतं, गुरं बांधायची जागाही उतरती. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तेव्हापासून मी या भागात वेगळ्या पद्धतीने गाडी चालवते. अशा पाड्यात पूर्ण सपाट, कोरडी, कडक अशी जागा एकच असते, ती म्हणजे रस्ता.

म्हणून तिथे सगळं रस्त्यावर होतं. सुगी झाली की धान्य रस्त्यावर पसरतात. संध्याकाळी खाट रस्त्याच्या कडेला येते. पोरं तिथेच खेळतात, कोंबड्या तिथेच असतात. एप्रिल-मेमध्ये तिथे आमचूर असतो. धडगाव आणि मोलगीचा आमचूर दूरच्या बाजारांत जातो. त्यासाठी कैरी कच्चीच उतरवायची, साल काढायची, कोयीपासून गराच्या फोडी कापायच्या आणि कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवायच्या. सोलणं आणि कापणं ही दोन्ही कामं हातानेच, बहुतेक बायका आणि मुलींच्या. बोटं कैरीच्या चिकाने काळी पडतात, चिरतात. वळवाचा एक पाऊस आला तर माल काळा पडतो आणि भाव उतरतो. त्या फोडी खडकावर, छपरावर आणि रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर कापडं अंथरून पसरलेल्या असतात. पांढुरक्या फोडी, आंबट वास, आणि मधून जेमतेम एका गाडीपुरती वाट.

मागच्या वर्षी अशाच एका पाड्यात तेवढीही वाट नव्हती. मी गाडी बंद केली. एक म्हातारी उठली, आणखी दोघी आल्या. तिघींनी कापडाची टोकं धरली, फोडी न सांडता ते बाजूला घेतलं आणि मला पुढे यायची खूण केली. चाकांची धूळ मालावर उडू नये म्हणून मी पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने गेले. आरशात पाहिलं तर कापड पुन्हा जागेवर अंथरून झालं होतं. आपण ज्याला रस्ता म्हणतो ते त्यांचं खळं आहे आणि अंगणही आहे. मी परवानगी न विचारता त्यातून जाते.

पुढे धडगावकडे जाताना डावीकडे डोंगरांच्या रांगा खाली नर्मदेकडे उतरतात. सरदार सरोवराचं पाणी त्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. या प्रकल्पात महाराष्ट्राची 33 गावं बुडिताखाली आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. 138.68 मीटर उंचीच्या त्या धरणापर्यंत बडोद्याहून रुंद, गुळगुळीत रस्ता आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही बडोदेकर दोन तासांत तिथे पोचतो, पुतळा बघतो आणि जेवायला घरी परततो. त्याच पाण्याच्या वरच्या बाजूला अजून असे पाडे आहेत, जिथून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खांद्यावरून गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं. भावाच्या वर्गातला एक मुलगा आपल्या आजीच्या झोळीमागे दोन तास चालला होता. रस्त्यावर गाडी लगेच मिळाली, आजी वाचली. हे ऐकल्यापासून या भागात रिकाम्या सीटा घेऊन जाताना कुणी हात केला तर मी थांबते.

तुम्हीही उन्हाळ्यात इकडे येणार असाल तर अक्कलकुव्याला टाकी भरा, ब्रेक तपासून घ्या आणि देवगोई दिवसाउजेडी चढा. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. वळणाआधी गाणी बंद करून काच खाली घ्या. पाड्यात शिरल्यावर समोर कापड दिसलं तर हॉर्न देऊ नका, गाडी बंद करा. कुणीतरी येऊन ते बाजूला घेतं. त्याला दोन मिनिटं लागतात.