बार्शीची पदवी, परंड्याची टीसी

कॉलेजचा इतिहास विचारला की लोक कोनशिलेचा फोटो पुढे करतात. उद्घाटन कुणाच्या हस्ते, जमीन कुणाची, अध्यक्षस्थानी कोण. माझा जन्म गेला कॉलेजच्या ऑफिसात, कारकुनाच्या खुर्चीवर. त्यामुळे मला इतिहास म्हटलं की आठवतं ते जनरल रजिस्टर. टेबलावर उघडलं की अर्धं टेबल व्यापणारं, पाठीला लाल कापड चिकटवलेलं. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, आणि पार कडेला सगळ्यात अरुंद रकाना: 'सोडण्याचे कारण'.

मी सोनारीचा. परंडा तालुका, आताचा धाराशिव जिल्हा. भैरवनाथाचं गाव म्हणून बाहेरचे ओळखतात. चैत्रात यात्रेला येतात आणि देवळाभोवतीच्या माकडांच्या गोष्टी सांगत परत जातात. आमच्या पट्ट्यातल्या माणसाच्या शिक्षणाची दिशा मात्र नकाशावरच्या एका रेषेनं ठरवली. परंडा निजामाच्या मुलखात होतं आणि बार्शी इंग्रजांच्या. बैलगाडीनं एका दिवसात गाठता येणारी ही दोन गावं दोन राज्यांत होती. बार्शीत १८९७ पासून आगगाडी येत होती. आमच्याकडे उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद! उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तेही उर्दू माध्यमाचं. अख्ख्या मराठवाड्यात सरकारी इंटरमीजिएट कॉलेज निघालं ते १९२३ साली, औरंगाबादला. आमच्याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक झाले, ही अभिमानाची गोष्ट. पण ती शाळा. मॅट्रिकच्या पुढचं शिक्षण ज्याच्या घरात दोन बैलजोड्या आणि हैदराबादला पाहुणा असे, त्याचंच.

पलीकडे बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ काढलं. शेतकऱ्याच्या पोराची अडचण त्यांनी नेमकी ओळखली होती: शाळेत नाव घालणं सोपं असतं, शहरात रात्री झोपायचं कुठं आणि जेवायचं कुठं हा खरा प्रश्न. म्हणून आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'शाळा' नसे, 'बोर्डिंग' असे. 'अमक्याचा थोरला बार्शीला बोर्डिंगात आहे' एवढ्यावर सोयरीक जमायची. पुढे मंडळाचं शिवाजी महाविद्यालय झालं, झाडबुके महाविद्यालय झालं, आणि परंडा, भूम, वाशीकडची पोरं जिल्ह्याची हद्द ओलांडून तिकडे जात राहिली. आजही वाशीच्या कॉलेजला जगदाळे मामांचंच नाव आहे. हद्द सरकारला दिसते, बाजाराला आणि शाळेला दिसत नाही.

सरकारला मात्र ती फारच दिसते, आणि इथे माझ्या टेबलाचा संबंध येतो. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण विद्यापीठांनी जुनी रेषा जशीच्या तशी पुढे चालवली. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला सुरू झालं आणि आमचा जिल्हा त्याच्याकडे गेला. सोलापूर जिल्हा १९६२ साली निघालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. म्हणजे सोनारीचा पोरगा बार्शीत बी.ए. झाला की पदवीवर कोल्हापूरचा शिक्का. त्यालाच एम.ए. औरंगाबादला करायचं असलं की टीसी बार्शीची, मायग्रेशन कोल्हापूरचं आणि ते येईपर्यंत प्रवेश 'तात्पुरता'. जातीचा दाखला परंडा तहसीलचा, शिष्यवृत्ती सोलापूरच्या समाजकल्याणची. पोस्टानं अर्ज, पोस्टानं उत्तर. बापाला काही केल्या कळायचं नाही की मुलगा पास झालाय तर आता हा कागद कशाला. मी सांगायचो, "दादा, विद्यापीठ बदललं." तो म्हणायचा, "गाव तर तेच आहे की!" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग कॉलेजं तालुक्याला आली. परंड्यात आज गुरुवर्य रा. गे. शिंदे यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. अशा कॉलेजांचं गणित वाचकांना ठाऊक असावं: संस्था खासगी, जागा गावाची किंवा दात्याची, पगार सरकारचा. एकदा 'ग्रँट' लागली की कॉलेज जगतं. नवी तुकडी विनाअनुदानित असली की प्राध्यापक तासिका तत्त्वावर येतात आणि जूनमध्ये पुन्हा नवे चेहरे शोधावे लागतात. अमेरिकेत स्थानिक लोकांसाठी दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज १९०१ सालीच जोलिएट या गावात सुरू झालं. तिकडे त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. आपल्याकडे यूजीसीनं त्याच नावाची योजना २०१३ च्या सुमारास आणली. माझ्या मते आमच्या तालुक्याच्या कॉलेजांनी ते काम योजनेचं नाव न घेता आधीच चालवलं होतं.

कसं, ते रजिस्टर सांगतं. कॉलेज लांब होतं तोवर पानंच्या पानं मुलग्यांची. कॉलेज एसटीच्या एका तिकिटावर आलं आणि नावांच्या रांगेत 'कु.' दिसू लागलं. पासाच्या फॉर्मवर सही-शिक्का मारायला माझ्यापुढे जी रांग लागे, तीत मुली जास्त असत. एसटीची विद्यार्थी सवलत ६६.६७ टक्के, अनेक घरांत मुलीचं पुढचं शिक्षण त्या सवलतीवर आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर टिकून होतं. गाडी बंद झाली की हजेरी पडायची. 'सोडण्याचे कारण' या रकान्यात मुलाच्या नावापुढे 'पुढील शिक्षणासाठी' यायचं. मुलीच्या नावापुढे 'पालकांच्या विनंतीवरून'. ते वाक्य मीच निळ्या शाईनं लिहायचो. टीसी न्यायला वडील यायचे, कधी पिशवीत लग्नपत्रिका असायची, ऑफिसात एकेक वाटायचे. सगळ्या अशाच गेल्या असं नाही. काहींनी लग्नानंतर परत नाव घातलं, आणि आडनाव बदलाचं राजपत्र जोडायला लावल्याबद्दल मला चांगलं सुनावलं.

शिक्केही बदलत गेले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ चा. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसं मेली. ज्या बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढून इथल्या गरिबाला कॉलेजचं दार उघडून दिलं, त्यांच्या नावासाठी! हे लिहिताना आजही हात जड होतो. नामविस्ताराच्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. लातूर तिकडे गेलं, आम्ही औरंगाबादकडेच राहिलो, मध्ये अख्खा बीड जिल्हा ठेवून.

२००४ साल आमच्या भागाला दुहेरी ठरलं. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ आलं, म्हणजे बार्शीवाल्यांचं कोल्हापूर सुटलं. आणि आमच्या विद्यापीठाचं उपकेंद्र जिल्ह्याच्या गावी सुरू झालं. इंग्रजी, रसायनशास्त्र, व्यवस्थापन असे पदव्युत्तर विभाग तिथे आले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर तर तुळजापूरला १९८६ पासूनच आहे, पण आमच्या गावच्या पोरांना तो बरीच वर्षं ठाऊकच नव्हता. देवीला जाताना पाटी वाचून पुढे जायचे. उपकेंद्राला स्वतंत्र विद्यापीठ करा ही मागणी अधूनमधून उठते. उठू दे. माझी मागणी त्याहून लहान आहे: संध्याकाळी उशिरा धाराशिवहून परंड्याकडे एक गाडी.

आता प्रवेश मोबाइलवर होतो, रजिस्टरं कपाटात गेली. परवा शेजारची बारावी झालेली मुलगी विचारायला आली, बी.एस्सी. परंड्याला करू की बार्शीला. मी विषय, प्रयोगशाळा, विद्यापीठ असं सगळं सांगायला बसलो. तिच्या आईनं मध्येच थांबवलं. "ते राहू द्या भाऊ, परतीची गाडी कुठून किती वाजता हाय, तेवढं सांगा."