घसा दुखतो, झळ हृदयाला

पोराचा घसा दुखला, ताप आला, उतरला. पण घशात स्ट्रेप्टोकोकस असेल आणि उपचार झाले नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. सांधे बरे होतात; हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात.

एका खोलीत सगळं कुटुंब झोपतं तिथे हा जंतू सहज पसरतो. श्रीमंत देशांत घरं सुधारली तसा हा आजार पेनिसिलिनच्या आधीच ओसरू लागला होता. गरिबीचाच आजार आहे हा! या आजाराबद्दल जागतिक आरोग्य सभेचा ठराव २०१८चा, बेंझाथिन पेनिसिलिनचं स्वस्त इंजेक्शन मात्र १९५०च्या दशकापासूनचं. हा ताप येऊन गेलेल्या मुलांना ते दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. तुमच्या मुलाला सुरू असेल, तर कृपया एकही डोस चुकवू नका.