खोक्यातले मिग-21: ऐकीव आणि खरे

नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात 1960 च्या दशकापासून मिग-21 लढाऊ विमाने तयार होऊ लागली. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला या विमानाने हवाई दलाचा निरोप घेतला. ते आपल्या टेबलावर तरी असावे, म्हणून हौसेने प्लास्टिकचे किट आणणारे मला भेटतात. त्यांतली बरीच किटे अर्ध्यातच माळ्यावर जातात आणि दोष दिला जातो हाताला: ‘आमच्यात ती कला नाही.’ मला हे मुळीच पटत नाही. किट बिघडते ते चुकीच्या डिंकाने, चुकीच्या थिनरने आणि चुकलेल्या क्रमाने.

गैरसमज: हा पोरखेळ आहे.
1942 मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून 1/72 प्रमाणाची हजारो लाकडी विमाने करून घेतली, ती सैनिकांना शत्रूचे विमान ओळखायला शिकवण्यासाठी. 35 फुटांवर धरलेले असे मॉडेल सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. आजही 1/72 हे विमानांच्या किटांच्या सर्वांत रुळलेल्या प्रमाणांपैकी एक. मिग-21 च्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, म्हणजे या प्रमाणात जेमतेम 10 सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत रेषा जपायची, तर नजर तीक्ष्ण आणि धीर मोठा लागतो.

गैरसमज: डिंक जितका जास्त, तितका जोड पक्का.
सर्वाधिक किटे इथेच बिघडतात. किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असते आणि त्यासाठी मिळणारे सिमेंट हा चिकट पदार्थ नसून द्रावक असतो. तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि दोन भागांचे एकच प्लास्टिक होते. म्हणून दोन्ही भाग आधी जुळवून धरायचे आणि पातळ सिमेंटचा कुंचला फटीला नुसता टेकवायचा. ते आपणच आत ओढले जाते. जास्त ओतले तर पृष्ठभाग मऊ पडतो, त्यावर बोटाचा ठसा उमटतो आणि पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेषा पुसल्या जातात. फेव्हिक्विकने कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, चिकटवणे तर टाळाच. त्याची वाफ काचेवर पांढुरकी साय धरते. तिथे साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो. तो वाळल्यावर जवळजवळ दिसत नाही आणि ओला असताना सांडला तर पाण्याने पुसता येतो.

गैरसमज: थिनर इथूनतिथून सारखाच.
हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर फर्निचरच्या पॉलिशसाठी असतो. पॉलिस्टायरीन त्यात वितळते. एनॅमल रंगाला मिनरल टर्पेंटाइन वापरा आणि ॲक्रिलिकला त्याच कंपनीचा थिनर. कोणताही नवा द्रव आधी सुटे भाग ज्याला जोडलेले असतात त्या चौकटीच्या तुकड्यावर लावून पाहा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाळ्यात लॅकरचा फवारा मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर जमतो आणि रंग पांढुरका पडतो. फवारा ॲक्रिलिकचा असला तरी खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क हवाच, कारण पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे कणही फुप्फुसात जातात.

गैरसमज: आधी सगळे जोडावे, मग रंगवावे.
मिगच्या कॉकपिटचा तो ओळखीचा निळसर हिरवा रंग दोन अर्ध्या भागांचे धड बंद करण्याआधीच लावावा लागतो. नंतर तिथे कुंचला पोचत नाही. नाकाखाली चाक असलेल्या अनेक मॉडेलांच्या नाकात शिशाचे वजनही त्याआधीच बसवायचे असते, नाहीतर विमान शेपटीवर बसते.

एअरब्रशशिवाय चांगले काम होत नाही, हेही खरे नाही. पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, कुंचल्यानेही सुरेख बसतात. डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हे, चंदेरी दिसतात तेव्हा दोष बहुधा खालच्या खरबरीत मॅट रंगाचा असतो. त्यात हवा अडकते. आधी चकचकीत वॉर्निशचा थर द्या, मग डेकल लावा, शेवटी मॅट.

गैरसमज: सूचनापत्रकातला रंग म्हणजे अंतिम शब्द.
1971 च्या युद्धात भारतीय मिग-21 एफएलच्या चंदेरी अंगावर स्क्वाड्रनांनी आपापल्या पद्धतीने कॅमोफ्लाज रंगवला. एकाच प्रकारची विमाने त्यामुळे निरनिराळी दिसत. उन्हापावसात रंग विटतो, तो वेगळाच. शिवाय खऱ्या विमानाचा अचूक रंग छोट्या मॉडेलवर अधिक गडद भासतो, म्हणून अनुभवी मंडळी त्यात थोडा पांढरा मिसळतात. अशा वेळी छापील पत्रकापेक्षा त्या काळचे छायाचित्र अधिक विश्वासाचे.

ओझरच्या कारखान्यात किंवा हवाई तळावर या विमानांवर हात फिरवलेली माणसे आज आपल्या आसपास आहेत. तुमच्या घरात, शेजारात असे कोणी काका-आजोबा असतील, तर रंगाची बाटली उघडण्याआधी त्यांच्याशी बोला आणि त्यांचे जुने फोटो पाहायला मागा.