एका किलो मोहफुलांतले परार्ध

मार्च-एप्रिलच्या पहाटे तुमसर तालुक्यातल्या लेंडेझरी, नाकाडोंगरीकडच्या जंगलात बायका टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या दिसतात. रात्री गळू लागलेली फुले उजाडले तरी टपटपत असतात. एक तळहातावर घेऊन बघा. फिकट पिवळसर, जाड, रसाने गच्च, बोटांना चिकटणारे. उन्हात वाळले की मनुक्यासारखे तपकिरी होते, आणि तेव्हा त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते.

द्राक्षांच्या साखरेची वाइन होते, तशी या साखरेची दारू. वाइनचे जाणकार द्राक्षांच्या जाती मोजतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावरचा काळा कान्नोनाउ, पांढरा वेर्मेंतिनो. 2012 च्या एका जाडजूड कोशात वाइनच्या द्राक्षांच्या 1,368 जाती नोंदल्या आहेत. पण खरा डोळे फिरवणारा आकडा मला आमच्या मोहात सापडतो.

किलोभर वाळलेली फुले घेऊ. साखर 600 ग्रॅम धरू, आणि सोयीसाठी ती सगळी ग्लुकोज मानू. तिचे रेणू किती? दोनावर चोवीस शून्ये. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त संख्यांची नावे दिली, ती परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपल्या किलोभर मोहात असे दोन कोटी परार्ध मावतात!

हे रेणू फोडते यीस्ट. त्याच्या पेशी इतक्या बारीक, की एका मिलिमीटरवर दोनशे रांगेत बसतील. फुले पाण्यात भिजवून आंबायला ठेवली, म्हणजेच सडवा लावला, की उबेत पेशी दोनेक तासांत दुप्पट होतात. एकीपासून सुरुवात केली तर दिवसाअखेर 4,096. दुसऱ्या दिवशी 1 कोटी 67 लाख. तिसऱ्या दिवशी 6,871 कोटी. हा झाला कागदावरचा हिशेब; प्रत्यक्षात साखर संपत जाते, अल्कोहोल चढते आणि वाढ मंदावते. तरीही ऐन भरातल्या सडव्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहाएक कोटी पेशी असू शकतात. म्हणजे लिटरमध्ये 10,000 कोटी, पृथ्वीवरच्या माणसांच्या बारापट. दीड लिटरमधल्या पेशी एकीला एक लावून ठेवल्या, तर ती रांग तुमसरहून निघून नाशिकचे द्राक्षमळे ओलांडून जाईल.

सडवा बुडबुडतो तो यांच्याच कामामुळे. किलोभर फुलांतून दीडशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शुद्ध अल्कोहोल मात्र फार तर 390 मिलिलिटर.

2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरची बंधने उठवली. फार उशिरा, पण बरे झाले. कारण त्या एका वाळलेल्या किलोसाठी ओली फुले चारेक किलो लागतात, आणि ती सगळी हातानेच वेचायची असतात, ऊन चढायच्या आत, एकेक करून.